उधारीची हळद



गेल्या रविवारी मिस्सानंतर एका माउलीने पदराआडून हळदीची पुडी काढली. "फादर, ही पाण्यात टाकली की सारे पाणी पिवळेधमक होते." दुकानदाराला विचारलेत का, म्हणताच ती गप्प झाली. दोन महिन्यांची उधारी थकलेली. विचारणार कोणत्या तोंडाने?

तिने केलेली परीक्षा बरोबर होती. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा हळद टाकून ढवळू नये. शुद्ध पूड तळाशी बसते व पाणी फिकट राहते. पाणी गडद पिवळे झाले तर मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. मात्र लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे या परीक्षेत ते सापडत नाही. चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी ते हळकुंडांनाही चोळतात. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, आणि जुलाब-उलटीसारखे ते लगेच दिसूनही येत नाही. अशी हळद प्रयोगशाळेतच ओळखता येते.

त्यासाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ४० आहे. गिऱ्हाइकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. दोष निघाल्यास शुल्क परत मिळते. अट एकच, माल घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. (ही अट गरिबाला किती जड जाते, हे कायदा करणाऱ्यांनी कधी उधारीच्या वहीत पाहिलेले दिसत नाही!) शिवाय मसाल्याची पूड सुटी विकण्यास मुळातच मनाई आहे. ती बंद पाकिटातच हवी, व पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक हवा.

उधारीवर घेतले म्हणून आपला हक्क गेला, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे दिलेला आणि पैसे देण्याचे कबूल केलेला, दोघेही ग्राहकच. पावती नाकारणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लागत नाही, आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा.

दुकानात एकटीने जाऊ नये, शेजारच्या दोघी-तिघींना बरोबर घ्यावे. बेळगावच्या आयोगासाठी अर्ज कन्नडातून लिहून हवा असल्यास गुरुवारी सायंकाळी माळेच्या प्रार्थनेनंतर कार्यालयात या. पुडी आणि पावती टाकून देऊ नका.