वसंतातील हिमस्खलन: निरभ्र दिवशी बर्फ का निसटतो?

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधील माणा गावाजवळ हिमस्खलन झाले. रस्तेबांधणीच्या छावणीतील ५४ कामगार अडकले. त्यांपैकी ४६ वाचले, ८ दगावले. तेव्हा जोरदार हिमवृष्टी चालू होती. नव्या बर्फाचा भार हे हिवाळी हिमस्खलनाचे नेहमीचे कारण आहे. वसंतात मात्र स्वच्छ उन्हातही बर्फ निसटतो. असे का होते, ते पाहू.

१. भार
बहुतेक हिमस्खलने ३०° ते ४५° उतारावर सुरू होतात. उतार ३८°, थराची जाडी (उताराला लंब) १ मीटर आणि घनता ४०० किग्रॅ प्रति घनमीटर धरू. थराच्या तळाशी कर्तन प्रतिबल = ४०० × ९.८ × १ × साइन ३८° ≈ २.४ किलोपास्कल. हे सकाळी आणि दुपारी जवळजवळ सारखेच असते. बदलते ती बर्फाच्या कणांची एकमेकांवरील पकड.

२. उष्णतेचा हिशोब
थराचे सरासरी तापमान उणे ४° से. आहे असे समजा. एका चौरस मीटरवरील ४०० किग्रॅ बर्फ ०° पर्यंत आणण्यास ४०० × २.१ × ४ = ३३६० किलोज्यूल लागतात. पृष्ठभागावर वितळलेले पाणी आत झिरपून पुन्हा गोठते, तेव्हा दर किलोमागे ३३४ किलोज्यूल गुप्त उष्मा बाहेर पडतो. म्हणजे सुमारे १० किलो, अर्थात १० मिलिमीटर पाणी पुरेसे होते.

पूर्ण थर ०° ला पोहोचला की पुढचे पाणी गोठत नाही. ते कणांमधील सांधे सैल करते आणि खालच्या कठीण थरावर किंवा खडकावर साचते. तेथूनच बर्फ सरकतो.

३. रात्रीचे महत्त्व
निरभ्र रात्री पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकतो आणि वरचा भाग गोठून घट्ट होतो. ढगाळ रात्री ही उष्णता अडते, त्यामुळे सकाळीही बर्फ ओला राहतो. म्हणून केवळ दुपारचे तापमान पाहून धोका ठरवू नये.

४. प्रत्यक्षात काय पाहावे?
• उतार पहाटे ओलांडावा. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, पश्चिमेकडचे दुपारनंतर.
• पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागला किंवा बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर मागे फिरावे.
• बर्फावर पाऊस पडल्यास तीव्र उतार टाळावेत.

स्वाध्याय: वरील थर उणे १° से. ला असता, तर तो ०° ला आणण्यास किती मिलिमीटर पाणी गोठावे लागले असते? (उत्तर: सुमारे २.५) यावरून वसंत सरत येताना एक उबदार दिवसही का पुरतो, ते स्पष्ट करा.