शिंगराची उंची कोण ठरवतं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. ती दहावीत आहे. संगणकावरच्या एका खेळाचा तिला भारी नाद. खेळात आपला एक तबेला असतो. घोडा आणि घोडी निवडायची, त्यांची जोडी लावायची, शिंगरू मोठं करायचं, पुन्हा त्याची जोडी लावायची. तिचं ध्येय एकच : सगळ्यात उंच घोडा तयार करायचा. तिसऱ्या दिवशी ती चिडून म्हणाली, "मावशी, हा खेळ खोटा आहे. घोडा १६४ सेंटीमीटर, घोडी १६०, आणि शिंगरू मोठं होऊन फक्त १५६! शाळेत तर शिकवलंय, उंच प्रभावी आणि बुटका अप्रभावी. मग असं कसं?"

तिचा प्रश्न ऐकून मला काही वर्षांपूर्वीचं एक शिक्षक शिबिर आठवलं. तिथं एका शिक्षकांनी आपला अनुभव सांगितला होता. मेंडेलचा पाठ संपल्यावर मुलांनी फळ्यावरचा नियम आपापल्या घरच्या माणसांना लावून पाहिला. वर्गातला एक मुलगा चांगला उंच, आणि त्याचे आईवडील दोघंही ठेंगणे. बुटका गुण अप्रभावी असेल, तर दोन बुटक्यांना उंच मूल होणारच नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पुढचे कितीतरी दिवस तो मुलगा वर्गात गप्प गप्प होता. फळ्यावरचं एक वाक्य त्याच्या घरापर्यंत जाऊन पोचलं होतं. आणि वाटाण्यासाठी अगदी बरोबर असलेलं ते वाक्य माणसासाठी चूक होतं. घोड्यासाठीही चूकच.

मेंडेलचे वाटाणे

मेंडेलने आपले निष्कर्ष १८६६ साली प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रयोगासाठी त्याने वाटाण्याचे दोन वाण घेतले होते. एकाचे वेल सहा-सात फूट वाढत, दुसऱ्याचे पाऊण ते दीड फूट. मधलं काही नाही. त्यांच्या संकरातून आलेली पहिली पिढी सगळी उंच निघाली. दुसऱ्या पिढीत ७८७ वेल उंच आणि २७७ बुटके, म्हणजे जवळजवळ तीनास एक.

हे प्रमाण इतकं स्वच्छ मिळालं, कारण या दोन वाणांमधला फरक एकाच जनुकाचा होता. वाढीसाठी लागणारं एक संप्रेरक तयार करण्याची पायरी बुटक्या वाणात अडखळते. दोनांपैकी एक प्रत धड असली तरी काम भागतं, म्हणून तिथं उंच प्रभावी.

पण आपल्या वर्गातल्या मुलांकडे पाहा. सहा फुटी आणि दीड फुटी असे दोन गट दिसतात का? मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उंची हळूहळू वाढत जाते. घोड्यांचंही तसंच. गुण असा सलग पसरलेला असेल, तर त्यामागे एकच जनुक असण्याची शक्यता फार कमी.

नुसती सरासरी घेतली तर?

समजा, हा खेळ आपल्यालाच लिहायचा आहे. सर्वांत सोपा मार्ग कोणता? आईबापांच्या उंचीची सरासरी काढायची. १६४ आणि १६० यांचं शिंगरू १६२.

हा खेळ चार दिवसांत कंटाळवाणा होईल. सख्खी भावंडं सगळी एकाच मापाची निघतील. कोणतंही शिंगरू आपल्या उंच पालकापेक्षा उंच होणार नाही. दहा-बारा पिढ्या कशाही जोड्या लावत गेलो, तर सगळा तबेला जवळजवळ एका उंचीचा होईल. पांढरा आणि काळा रंग एकत्र कालवला की करडा होतो, त्यातून पुन्हा पांढरा निघत नाही, तसंच हे. फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने १८६७ साली डार्विनवर जी टीका केली, तिच्यात हाच मुद्दा होता : गुण असे मिसळून जात असतील, तर एखादा चांगला फरक टिकणार कसा? मेंडेलचा निबंध तेव्हा छापून झालेला होता. पण त्यात याचं उत्तर आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून खेळ लिहिणाऱ्याला सरासरीच्या मागेपुढे नशिबाचा थोडा आकडा मिळवावा लागतो. निसर्गात हा आकडा कुठून येतो, ते वर्गातच करून पाहता येईल.

करून पाहा : आठ नाणी

घोड्याच्या उंचीवर परिणाम करणाऱ्या चार जागा आहेत असं माना. त्यांना क, ख, ग, घ म्हणू. प्रत्येक जागी जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. प्रत वाढीव असेल तर उंचीत ४ सेंटीमीटर भर पडते, साधी असेल तर काहीच नाही. कुणी प्रभावी नाही, कुणी अप्रभावी नाही. एकही वाढीव प्रत नसलेला घोडा १४० सेंटीमीटरचा, आणि आठही वाढीव असलेला १७२ सेंटीमीटरचा.

आता अशी जोडी घ्या, जिच्यात दोघांकडेही प्रत्येक जागी एक वाढीव आणि एक साधी प्रत आहे. दोघांची उंची १५६. शिंगराला प्रत्येक जागेसाठी आईकडून दोनांपैकी एक आणि बापाकडून दोनांपैकी एक प्रत मिळते. कोणती, हे नाणेफेकीसारखं. म्हणून प्रत्येक मुलाने आठ नाणी उडवायची : चार आईची, चार बापाची. जितके छापे, तितक्या वाढीव प्रती. छाप्यांना चाराने गुणून त्यात १४० मिळवले, की झाली आपल्या शिंगराची उंची. सगळ्यांच्या उंचीचा स्तंभालेख फळ्यावर काढा.

वर्गात ४० मुलं असतील, तर साधारण २८ शिंगरं १५२ ते १६० च्या दरम्यान येतील. बाकीची दोन्ही बाजूंना विरळ होत जातील. मधे फुगलेला आणि कडेला उतरता असा हा आलेख वर्गाच्या उंचीच्या आलेखासारखाच दिसेल. हिशेबाने २५६ शिंगरांमागे ७० शिंगरं बरोबर १५६ ची, एखादंच १७२ चं आणि एखादंच १४० चं. आईबाप तेच!

यापुढची गंमत अधिक महत्त्वाची आहे. दुसरी एक जोडी घ्या. दोघांकडे क आणि ख या जागी दोन्ही प्रती वाढीव, ग आणि घ या जागी दोन्ही साध्या. यांचीही उंची १५६. पण यांची सगळी शिंगरं १५६ चीच होतील, कारण वाटायला वेगळं काही नाहीच.

आता तिसरी जोडी. घोड्याच्या क आणि ख जागी दोन्ही प्रती वाढीव, घोडीच्या मात्र ग आणि घ जागी. बाकीच्या सगळ्या साध्या. पहिल्या पिढीत सगळी शिंगरं १५६ ची. पण या शिंगरांकडे प्रत्येक जागी एक वाढीव आणि एक साधी प्रत आहे. त्यांची आपसात जोडी लावली, की नातवंडांत १४० पासून १७२ पर्यंत सगळं निघू शकतं.

तीनही जोड्यांची उंची पट्टीने मोजली तर सारखीच भरते. आत काय आहे ते पट्टीला दिसत नाही. सरासरीत मिसळून गेल्यासारखं वाटतं ते खरं तर मिसळलेलं नसतं. प्रती जशाच्या तशा राहतात, आणि प्रत्येक पिढीत त्यांची नव्याने वाटणी होते.

खऱ्या घोड्यांमध्ये

चार जागा मी उगाच घेतल्या नाहीत. वेगवेगळ्या जातींच्या घोड्यांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. घोड्याच्या ३, ६, ९ आणि ११ क्रमांकांच्या गुणसूत्रांवरच्या चार जागांवरून या जातींच्या आकारमानातल्या फरकाचा ८३ टक्के उलगडा होतो, असं त्यात आढळलं. चारही जागा वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे त्यांची वाटणी स्वतंत्रपणे होते, आपल्या सुट्या नाण्यांसारखी. अर्थात खऱ्या जागांचा वाटा आपल्या खेळासारखा समसमान नसतो, आणि त्यांच्याखेरीज लहान लहान परिणामांच्या इतर जागाही असतात.

माणसात या जागा फारच जास्त. सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ सालच्या अभ्यासात उंचीशी संबंधित १२,००० हून अधिक ठिकाणं सापडली. इतकं करूनही युरोपीय वंशाच्या लोकांमधल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ४० टक्केच भाग त्यांतून समजतो. एकाच जनुकामुळे येणारं ठेंगणेपण माणसातही असतं, पण ते विरळा. त्यातल्या सर्वांत परिचित प्रकारात तर ठेंगणेपणाच प्रभावी असतो!

उंचांची मुलं

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या नऊशेहून अधिक प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबापांची मिळून उंची सरासरीपेक्षा तीन इंच जास्त असेल, तर त्यांची मुलं सरासरीपेक्षा साधारण दोनच इंच उंच भरतात, असं त्याला दिसलं. याचं एक कारण असं, की खूप उंच माणसाच्या उंचीत जनुकांबरोबर चांगलं पोषण, आरोग्य आणि योगायोग यांचाही हात असतो. तो वाटा वारशाने पुढे जात नाही. गाल्टनचे हे आकडे आणि मेंडेलचे नियम यांचा मेळ रोनाल्ड फिशरने १९१८ साली घातला. थोडा थोडा परिणाम करणारी अनेक जनुकं मेंडेलच्याच नियमांनी वाटली गेली, तर नातेवाइकांच्या उंचीत दिसणारं साम्य त्यातून निघतं, हे त्याने गणिताने दाखवलं.

आईची कूस

एक गोष्ट मात्र नाण्यांच्या खेळात येत नाही. वॉल्टन आणि हॅमंड यांनी केंब्रिजला प्रचंड शायर घोडे आणि चिमुकली शेटलंड तट्टं यांचे कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केले, आणि १९३८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही संकरांत शिंगराला निम्मी जनुकं शायरची, निम्मी शेटलंडची. तरीही शायर आईच्या पोटची शिंगरं जन्मतः शेटलंड आईच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट वजनाची होती! पुढे हा फरक कमी झाला, पण पुरता गेला नाही. गर्भाला मिळणारी जागा आणि पोषण आईच्या आकारावर अवलंबून असतं. 'खाण तशी माती' म्हणतात, ते इथं निराळ्या अर्थाने खरं ठरतं.

पुन्हा वर्गात

आठ नाणी उडवून झाल्यावर भाचीने स्वतःच मांडणी केली. १६४ च्या घोड्याकडे सहा वाढीव प्रती, १६० च्या घोडीकडे पाच. वाटणीत घोड्याकडून दोन आणि घोडीकडूनही दोनच आल्या, तर शिंगरू १५६ चं. मग तिने ते शिंगरू विकायचं रद्द केलं. त्याच्यातल्या वाढीव प्रती कदाचित इतर घोड्यांकडे नसलेल्या असतील, हे तिच्या लक्षात आलं होतं.

मेंडेलचा पाठ घेताना शिक्षकांनी फळ्यावर आणखी एक उदाहरण जरूर मांडावं. घोडा १४८ सेंटीमीटर, क आणि ख जागी एकेक वाढीव प्रत. घोडी १४८, ग आणि घ जागी एकेक. चारही वाढीव प्रती एकाच शिंगरात आल्या, तर ते १५६ चं होईल, म्हणजे आईबाप दोघांपेक्षाही उंच. अशी संधी सोळात एक. मागच्या बाकावरच्या मुलालाही हा हिशेब सहज जमेल. शिबिरातल्या त्या शिक्षकांच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर असतं, तर त्या उंच मुलाकडे पाहून कुणाला हसू आलं नसतं.