विहिरीत शिकलेलं पोहणं स्पर्धेत का कमी पडतं?

नवरात्रात गावी, राणीसावरगावला गेले होते. पाऊस चांगला झालेला, त्यामुळे शेतातली विहीर वरच्या पायऱ्यांपर्यंत भरलेली. डिसेंबरात मी पोहण्याच्या स्पर्धेत उतरणार आहे, १०० मीटर फ्रीस्टाईल, हे ऐकून माझे चुलते, तात्या, हसायलाच लागले. "अगं, तुला पवायला मीच शिकवलंय की. आता पैसे भरून अजून काय शिकायलीस?"

प्रश्न रास्त होता. मी याच विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले. सहावीनंतर विहिरीवर जाणं बंद झालं. कुणी बंद केलं असं नाही, मुलींचं ते आपोआप बंद होतं. मधे सोळा वर्षं गेली. पीएचडीसाठी शहरात आले तेव्हा जवळ तरणतलाव होता म्हणून पुन्हा पाण्यात उतरले. पोहणं विसरले नव्हते. पण पहिल्यांदा घड्याळ लावून १०० मीटर पोहले तेव्हा शेवटी काठ धरून पाच मिनिटं नुसती धापा टाकत होते.

माझं संशोधन पाइपमधल्या द्रवाच्या प्रवाहावर आहे. म्हणजे पाणी अडवतं कसं, हे मला कागदावर माहीत होतं. अंगाला ते उशिरा कळलं. तेच आज सांगते.

डोकं वर, पाय खाली

माणूस पाण्यात आडवा पडला की दोन गोष्टींची ओढाताण चालू होते. वजन शरीराच्या मध्यावर, साधारण कमरेजवळ, खाली ओढतं. पाणी वर ढकलतं ते मात्र थोडं छातीकडे, कारण फुप्फुसात हवा असते. हे दोन बिंदू एका जागी नसल्यामुळे शरीर तराजूच्या दांडीसारखं कलतं आणि पाय खाली जातात.

त्यात डोकं पाण्याबाहेर काढलं की आणखी गंमत. डोकं चार-पाच किलोचं. पाण्यात असेपर्यंत ते पाणीच तोलतं. बाहेर काढलं की तो भार शरीरावर येतो आणि पाय अजून खाली. मग आपण बाणासारखे सरळ न जाता तिरक्या फळीसारखे पाणी ढकलत जातो.

विहिरीत सगळे डोकं वर ठेवूनच पोहतात. ते चूक नाही. वरून कोण मुटका मारतोय, भिंत कुठं आहे, मोटारीचा पाइप कुठं आहे, हे बघावंच लागतं. विहिरीने मला विहिरीपुरतं बरोबर शिकवलं होतं. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "डोकं पाण्यात घातलं तर कुठं चाललीस ते दिसंल का?" तलावात त्यासाठी तळाला काळी पट्टी असते. खाली बघायचं, पट्टी धरून जायचं, श्वासाला डोकं उचलायचं नाही, बाजूला वळवायचं. वाचायला एक ओळ, पण अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. लहानपणी जिवाच्या भीतीने शिकलेली सवय शरीर सहज सोडत नाही.

पहिले २५ मीटर

दुसरी चूक जास्त महाग पडली. २५ मीटरच्या तलावात माझी पहिली चाचणी अशी झाली: २२, ३१, ३८ आणि ४३ सेकंद. एकूण २ मिनिटं १४ सेकंद. गेल्या महिन्यात पुन्हा पोहले: २८, ३१, ३२, ३१. एकूण २ मिनिटं २ सेकंद. पहिल्या लांबीला सहा सेकंद हळू गेले आणि शेवटी बारा सेकंद वाचले!

कारण असं. पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. २८ ऐवजी २२ सेकंद म्हणजे वेग सुमारे सव्वापट. रोध मात्र १.६ पट आणि शक्ती दुप्पट. म्हणजे सहा सेकंदांसाठी मी दुप्पट जोर लावत होते आणि ते कर्ज पुढचे ७५ मीटर फेडत होते. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे, म्हणून धावण्यात थोडीफार खपून जाणारी घाई इथे लगेच अंगावर येते.

नवख्या प्रौढ माणसाला हे जास्त लागू होतं. आपण जिममध्ये जाऊन दंड वाढवायच्या मागे लागतो. पण तेवढ्याच ताकदीत रोध कमी करणं आणि ताकद चारही लांब्यांवर सारखी वाटणं, यात आधी फायदा आहे.

विहिरीत सराव होतो का?

सुट्टीत गावी गेले की तलाव नाही. आमच्या विहिरीत चार हात मारले की भिंत येते. मग सायकलच्या जुन्या ट्यूब जोडून एक टोक कमरेला आणि दुसरं पायरीच्या कडीला बांधलं आणि जागच्या जागी पोहले. हे जुगाड वाटेल, पण संशोधक पोहणाऱ्याला असंच बांधून दोरीवरचं बल मोजतात. यात एक उणीव आहे. तुम्ही पुढे जात नाही, त्यामुळे समोरून येणारं पाणी नसतं आणि रोध कमी करायचा सराव होत नाही. हात आणि श्वासाचा ताल मात्र टिकतो.

दोन गोष्टी मात्र पाळाच. एकटं उतरायचं नाही, आणि मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि हो, जोरजोरात श्वास घेऊन पाण्याखाली दम धरायची पैज लावू नका. त्यात श्वास घ्यायची इच्छा होण्याआधीच शुद्ध जाऊ शकते.

शेवटचे दोन आठवडे

स्पर्धा जवळ आली की जास्त पोहावंसं वाटतं. संशोधन उलट सांगतं. २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सगळ्यात चांगला परिणाम असा दिसला: दोन आठवडे सरावाचं अंतर ४१ ते ६० टक्के कमी करायचं, पण वेग आणि आठवड्यातले दिवस तेच ठेवायचे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला गेलेल्या पोहणाऱ्यांचा वेळ शेवटच्या तीन आठवड्यांत सरासरी २.२ टक्के सुधारला होता. माझ्या वेळेत ते अडीच-पावणेतीन सेकंद होतात. ते खेळाडू वेगळे, मी वेगळी, पण नियम तोच पाळते आहे. काल फक्त ६०० मीटर पोहले आणि दिवसभर अपराधी वाटलं.

नियमांची भीती वाटत असेल तर थोडा दिलासा. मास्टर्स म्हणजे २५ वर्षांवरच्यांच्या स्पर्धेत, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, सूर मारणं सक्तीचं नाही. पाण्यात भिंत धरूनही सुरुवात करता येते. फ्रीस्टाईलमध्ये दम लागून तळाला उभं राहिलात तरी बाद होत नाही, फक्त चालायचं नाही. इशाऱ्याआधी निघालात तर मात्र बाद.

उशीर झाला असं वाटलं की मी मुरलीकांत पेटकरांचा विचार करते. सांगलीकडचे हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. पोहणं उपचार म्हणून हाती घेतलं आणि १९७२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं. वेळ ३७.३३ सेकंद. माझे पहिले ५० मीटर ५९ सेकंदांचे आहेत, दोन्ही पाय धडधाकट असून.

दिवाळीत तात्यांनी विचारलं, "नंबर येईल का?" म्हटलं, बहुतेक शेवटचा. पण चारही लांब्या सारख्या आल्या तर मी जिंकले समजा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या वयाचा गट असतो का गं?"

असतो. दर पाच वर्षांचा एक गट. तात्या ५८ चे आहेत, म्हणजे ५५ ते ५९. आता त्यांना डोकं पाण्यात घालायला कोण शिकवणार, हे सांगायला नको.