खिशात मावणारे पिस्तूल हातात मावते का?

अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत आज परवान्याविनाही कपड्यांखाली शस्त्र बाळगता येते. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विशेष कारण मागणारा न्यूयॉर्कचा परवाना कायदा घटनाबाह्य ठरवला आणि कडक निर्बंधांच्या राज्यांतही हा मार्ग सुकर झाला. साहजिकच, सहज लपेल असे शस्त्र कोणते, हा प्रश्न तेथील ग्राहकापुढे उभा राहतो. परंतु सहज लपणे आणि अचूक चालणे हे दोन गुण एकाच शस्त्रात क्वचितच एकत्र नांदतात.

या प्रकारातील जुने नाव म्हणजे ‘स्मिथ अँड वेसन’ने १९५० साली आणलेले ‘चीफ्स स्पेशल’ रिव्हॉल्व्हर. त्यात ‘.३८ स्पेशल’ जातीच्या पाच गोळ्या बसतात. रचना साधी, एखादी गोळी उडाली नाही, तर पुन्हा चाप ओढताच पुढची गोळी समोर येते. मात्र हा चाप लांबवर आणि चांगलाच जोर लावून ओढावा लागतो. त्या ओढीत नेम हलतो. पाच गोळ्या संपल्यावर पुन्हा भरणेही वेळखाऊ असते.

२००८ साली आलेल्या ‘रुगर एलसीपी’ने आकार आणखी घटवला. पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे पिस्तूल पॅंटच्या खिशात सहज मावते. त्याची ‘.३८० ऑटो’ ही गोळी मात्र ‘नाइन एमएम’हून दुबळी. मूठ इतकी आखूड, की करंगळीला जागाच उरत नाही.

२०१८ साली आलेल्या ‘सिग सॉवर पी३६५’ने हे गणित बदलले. मॅगझिनमध्ये गोळ्या एकाखाली एक सरळ न रचता किंचित तिरप्या, दोन ओळींत बसवल्याने अरुंद मुठीतही ‘नाइन एमएम’च्या दहा गोळ्या सामावल्या. वजन सुमारे अर्धा किलो. इतर उत्पादकांनीही पुढे हीच वाट धरली.

तरीही भौतिकशास्त्राचा नियम कोणाला चुकलेला नाही. गोळी जितक्या आवेगाने पुढे जाते, तितकाच आवेग शस्त्राला मागे मिळतो. शस्त्र हलके असेल तर हाताला बसणारा धक्का तीव्र होतो. नळी आखूड झाली की गोळीचा वेग घटतो. पुढच्या व मागच्या माशीतील अंतरही कमी होते, त्यामुळे नेमातील लहानशी चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. हाताला त्रास देणाऱ्या शस्त्राचा सराव मालक टाळतो. सराव नसलेल्या हातातील शस्त्र वाटसरूलाही धोक्याचे ठरते. म्हणूनच सर्वांत लहान शस्त्रापेक्षा, लपवता येईल असे त्यातल्या त्यात मोठे शस्त्र बरे, असा सल्ला जाणकार देतात.

भारतात चित्र वेगळे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ‘नाइन एमएम’ पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याची निवड बहुधा ‘.३२’ बोअरपुरती राहते. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर याच बोअरचे.

आकाराच्या या तुलनेत एक बाब मात्र सहसा येत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. खिशातले शस्त्र रात्री घरातच परतते. ते तेथे कुलूपबंद राहते की उशाशी, हा प्रश्न वजन आणि गोळ्यांच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे.