पन्नास माणसांच्या बेटाची नाणी

दक्षिण पॅसिफिकमधल्या पिटकेअर्न बेटावर जेमतेम पन्नासेक माणसे राहतात. विमानतळ नाही, जायचे तर बोटीनेच. व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये चालतो. तरी १९८८ पासून ब्रिटनच्या या चिमुकल्या प्रदेशाच्या नावाने स्मारक नाणी निघत आली आहेत. १९४० पासून टपाल तिकिटांनी बेटाला पैसा मिळवून दिला. नाणी हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

बेटावर टांकसाळ नाही. परदेशातली टांकसाळ किंवा नाणी विकणारी कंपनी चित्र, धातू आणि संख्या ठरवून प्रस्ताव आणते. चांदीची देखणी चकती कंपनी स्वतःच्या नावानेही विकू शकते, पण ते पदक झाले. त्याचे नाणे व्हायला अधिकृत प्रशासनाचे नाव आणि दर्शनी मूल्य लागते. बेट ते देते आणि रॉयल्टी घेते.

विषयांना तोटा नाही. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले. पुढच्याच वर्षी बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन आणि साथीदार ताहितीच्या स्त्री-पुरुषांसह इथे उतरले आणि त्यांनी जहाज जाळून टाकले. १८३८ च्या राज्यघटनेने इथल्या स्त्रियांना मताधिकार दिला. तिची दीडशे वर्षे १९८८ च्या नाण्यावर आली.

संग्राहकांसाठीची नाणी बहुधा ‘प्रूफ’ असतात. ठसे आणि कोऱ्या चकत्या घासूनपुसून चकचकीत करतात, एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र धूसर पांढरे उठते. बोटांचे डाग पडू नयेत म्हणून नाणे पारदर्शक डबीत बंद होते.

आता किंमत. एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदीच्या अशा नाण्यावर एक-दोन डॉलरच लिहिलेले असतात. आतली चांदी त्याच्या कितीतरी पट महाग. ते खर्चायला कोणी दुकानात नेत नाही, आणि दर्शनी मूल्य चुकते करण्याची वेळही बेटावर सहसा येत नाही. गिऱ्हाईक धातू, घडणावळ, रॉयल्टी आणि विक्रेत्याचा नफा असे सगळे मिळून भरते. पुन्हा विकताना हमखास मिळतो तो धातूचा भाव, बाकीचे मागणीवर. प्रमाणपत्रावरची संख्याही पुष्कळदा कमाल मर्यादा असते, प्रत्यक्षात पाडलेली नाणी त्याहून कमी असू शकतात. घेण्याआधी त्या दिवसाचा चांदीचा भाव किमतीतून वजा करावा. उरेल ती हौसेची किंमत.