घाट लागला की गाडी लागते!

एसटी घाटाला लागते, दोन-चार वळणं होतात आणि मघापर्यंत गाण्याच्या भेंड्यांत रंगलेलं एखादं पोर एकदम गप्प होतं. चेहरा पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर घाम येतो. अनुभवी आई न विचारताच पिशवी उघडून धरते.

गाडी लागणं हा आजार नव्हे. धडधाकट मेंदूचा तो गोंधळ आहे आणि तो कुणाचाही होऊ शकतो. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजातून जगप्रवासाला गेला, तेव्हा त्यालाही बोट लागत असे.

शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. गाडी वळली, हिंदकळली की ती मेंदूला कळवते, 'आपण हलतोय'. त्याच वेळी डोळे मोबाइलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असले, तर ते सांगतात, 'सगळं स्थिर आहे'. या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळू लागतं. चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो. दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक दिसतो. गर्भवती आणि अर्धशिशी असलेल्यांनाही तो जास्त होतो.

उपायाची सुरुवात जागा निवडण्यापासून होते. बसमध्ये पुढची किंवा मधली सीट घ्यावी. मागच्या चाकांपलीकडे हादरे जास्त बसतात. नजर दूरच्या डोंगरावर ठेवावी किंवा डोकं टेकून डोळे मिटावेत. वाचन आणि मोबाइल घाट संपेपर्यंत बंद. तर्रीदार मिसळ चापून घाटात शिरू नये, तसंच 'उलटी नको' म्हणून उपाशीही निघू नये. थोडे पोहे किंवा उपमा पुरे. आलेपाकाची वडी चघळायला हरकत नाही. काहींना तिने बरं वाटतं.

गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर पोटाचं काम मंदावतं, मग गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर पडते. पोट बिघडल्यावर दिली जाणारी ऑनडॅनसेट्रॉनची गोळी गाडी लागण्यावर फारशी उपयोगी पडत नाही. प्रोमेथॅझिन, मेक्लिझिन यांसारखी औषधं उपयोगी पडतात, पण त्यांनी झोप येते. त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नयेत आणि कुणीही ती मद्यासोबत घेऊ नयेत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावं. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथॅझिन देऊच नये. श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. 'मूल शांत झोपेल' म्हणून मोठ्यांची अर्धी गोळी देणंही तितकंच धोक्याचं.

तरीही उलटी आलीच, तर पिशवीत करावी. खिडकीबाहेर मान काढताना दुसऱ्या वाहनाचा धक्का लागून प्रवाशांचे जीव गेले आहेत. संकोच बाजूला ठेवून कंडक्टरला गाडी थांबवायला सांगावं. नंतर घोट घोट पाणी किंवा ओआरएस प्यावं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. ज्यांना आयुष्यात कधी गाडी लागली नाही, अशा साठीच्या गृहस्थांना अचानक मळमळ आणि दरदरून घाम सुटला, धाप लागली, छाती, जबडा किंवा हात दुखू लागला, तर दोष घाटाला देऊ नये. हृदयविकाराचा झटका असाही येतो आणि मधुमेहींमध्ये तर छातीत न दुखताही येऊ शकतो. गाडी लागलेला माणूस गाडी थांबून मोकळ्या हवेत आला की सहसा थोड्या वेळात सावरतो. पण वरची लक्षणं दिसत असतील, तर तो सावरतो का हे पाहत बसू नये. लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. अशा वेळी लिंबू हुंगवत पुढचं गाव येण्याची वाट पाहणं महागात पडतं.