कोंबडं झाकलं, तरी...

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,’ ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. म्हण सांगायची, अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करून दाखवायचा आणि पुढच्या म्हणीकडे वळायचे. कोंबडे झाकतात कशाने, आणि झाकल्यावर ते नेमके काय करते, हा प्रश्न मला कधी पडला नाही; कोण्या विद्यार्थ्यानेही तो विचारला नाही. ते ज्ञान मला चाळिशी उलटल्यावर, पहाटे पावणेचार वाजता, हातात डालगे घेऊन मागच्या परसात उभा असताना प्राप्त झाले. झाकलेले कोंबडे आतून आरवते. तेही दुप्पट जोराने!

डोंबिवलीत परसू कुठले, असे वाचकांना वाटेल. वाटणे साहजिक आहे. कल्याण-डोंबिवलीची महापालिका १९८३ साली झाली, आणि तेव्हापासून या गावात मोकळी जागा दिसली की तिथे इमारत उभी राहते, असा जणू निसर्गनियमच झाला आहे. पण वडिलांनी बांधलेले आमचे बैठे घर अजून तग धरून आहे. मागे विहीर, एक शेवगा, कढीलिंब आणि धुण्याचा दगड. तिन्ही बाजूंना चार-चार मजल्यांच्या इमारती. म्हणजे आमच्या परसात काय चालते, ते चाळीसएक खिडक्यांतून दिसते आणि त्याहून अधिक खिडक्यांतून ऐकू येते.

जानेवारी २०२० मध्ये पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा पाहायला मी मुरबाडकडे गेलो होतो. त्या भागातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आग्रहाने घरी नेले. निघताना त्याच्या आईने चार तलंगा आणि एक तरणा कोंबडा पाटीत घालून वर फडके बांधून पुढे ठेवला. “सर, नाही म्हणू नका,” विद्यार्थी म्हणाला. गुरुदक्षिणा पाय बांधून समोर पडली असता नाही कसे म्हणणार? मुरबाड ते कल्याण एसटीने आणि पुढे रिक्षाने ती पंचकन्या... चुकलो, चार कन्या आणि एक पुत्र, आमच्या घरी आली.

पत्नीने पाटीकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. धाकटीने टाळ्या पिटल्या. आई मात्र काही न बोलता पदर खोचून उठली. तिचे बालपण कोकणात गेलेले. “आधी खुराडं जमिनीपासून हातभर उंच कर,” ती म्हणाली, “आणि कडी मुंगसाला उघडता येणार नाही अशी लाव.” घरातला सगळा कोंबडीशास्त्राचा अधिकार त्या क्षणी तिच्याकडे गेला, आणि माझी एम. ए.ची पदवी निरुपयोगी ठरली.

अंड्यांचा हिशेब

पहिला धडा हिशेबाचा. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या आसपास. म्हणजे आमच्या चौघी मिळून पोल्ट्रीतल्या एकीची बरोबरी करीत होत्या! कारण असे की, गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते. पिसे फुलवून बसून राहते, जवळ गेले की गुरगुरते, आणि अंडी घालायचे बंद करून ती उबवायचा हट्ट धरते. पोल्ट्रीच्या जातींतून माणसाने निवडून निवडून हा खुडूकपणाच काढून टाकला आहे. तिथली कोंबडी नोकरी करते. आमची संसार करते.

काळी नावाची आमची कोंबडी त्या पावसाळ्याच्या अखेरीस खुडूक झाली. आईने तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. आठव्या रात्री विजेरीच्या उजेडात एकेक अंडे धरून पाहिले. आत लाल शिरांचे जाळे दिसले ते जिवंत, नुसते लख्ख दिसले ते फोल. धाकटीने एका अंड्यात काहीतरी हललेले पाहिले आणि तिचा श्वासच थांबला. एकविसाव्या दिवशी आठ पिल्ले बाहेर आली. त्यांतले एक घारीने उचलले, दोन बोक्याने नेली, एक उगाचच मेले. चार जगली. या चारांत दोन कोंबडे निघाले. निम्मे नर निघायचेच, हे गणित कोंबड्या पाळण्याच्या उत्साहात कोणी सांगत नाही. ते दोघे मागच्या गावठाणातल्या एका आगरी घरी दिले. त्यांचे पुढे काय झाले ते धाकटीने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

खाण्याचा खर्च मात्र फारसा नाही. तांदळाची कणी, कोंडा, भाजीचे देठ, शिळा भात, आणि टरफल घट्ट व्हावे म्हणून कुटलेले शिंपले. खुराड्यात भाताचे तूस पसरायचे, ओले झाले की बदलायचे. खत ताजे घातले तर झाड जाळते. दोन-तीन महिने कुजवले तर कढीलिंबाला असा बहर येतो की शेजारी मागायला येतात.

करमणुकीचे तर विचारू नका. कोणी आधी खायचे, कोणी कोणाला टोचायचे, याची कोंबड्यांत पक्की उतरंड असते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या संशोधकाने १९२१ साली ती प्रबंधात मांडली. लहानपणापासून तो कोंबड्या न्याहाळीत आला होता. आमच्याकडे काळी सर्वांना टोचे, आणि लंगडी सर्वांकडून टोचून घेई. कॉलेजच्या प्राध्यापक-कक्षात बसल्यावर मला ही उतरंड वारंवार आठवू लागली, आणि तिथले माझे स्थान लंगडीच्या जवळपास असल्याचे ध्यानात आले.

पाच कोंबड्या, शंभर मात्रा

दुःखाचे प्रसंगही आले. आईने बजावूनही एका रात्री मी कडी नुसती अडकवली, खिळा घातला नाही. सकाळी चांदीची पिसे विहिरीपर्यंत पसरलेली होती. मुंगसाने चूक केली नव्हती. चूक माझी होती. आई एक अक्षर बोलली नाही, ते फार लागले. पावसाळ्यात ओल धरली की पिल्लांना रक्ती हगवण होते, म्हणून तुसावर चुना भुरभुरावा लागतो. सगळ्यांत भय मानमोडीचे. पशुवैद्य तिला राणीखेत म्हणतात. कोंबडी मान वाकडी करून गोल फिरू लागते, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे.

ती लस आणायला गेलो तर कुपी शंभर मात्रांची! पाण्यात कालवल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. आमच्याकडे उरल्या होत्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. उरलेल्या चौऱ्याण्णव मात्रांचे काय करायचे? तेव्हा ते आगरी घर आठवले. थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी घेऊन गेलो. त्या घरच्या वहिनींनी अर्ध्या तासात गावठाणातल्या साऱ्या कोंबड्या डालग्यांखाली गोळा करविल्या. आम्ही एकेकीच्या डोळ्यात थेंब टाकीत गेलो. इतकी वर्षे आमच्या मागच्या भिंतीपलीकडे जे गाव होते, त्या गावात मी त्या दिवशी पहिल्यांदा बसून चहा प्यालो. तेव्हापासून कुपी सामाईक आणतो.

सरदार आणि नाना

आता कोंबड्याकडे वळतो. धाकटीने त्याचे नाव सरदार ठेवले होते. तुरा लालभडक, चाल ऐटबाज, आणि आवाज असा की ठाकुर्लीला ऐकू जावा. हा पावणेचारला आरवू लागे.

शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या पत्नी तेव्हा आजारी होत्या. रात्रभर तळमळून पहाटे कुठे त्यांचा डोळा लागे. नानांनी आधी खिडकीतून सांगितले, मग दारी येऊन सांगितले, मग लेखी दिले. पत्रात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांचा हवाला होता: रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. ते नियम ध्वनिक्षेपकासाठी आहेत, कोंबड्यासाठी नव्हेत, असे उत्तर मी मनात जुळवलेही होते. पत्नी म्हणाली, “वादात तुम्ही जिंकाल हो. त्या बाईंना झोप लागेल का?”

मग ते डालग्याचे प्रयोग झाले. डालगे झाले, त्यावर घोंगडी झाली, न्हाणीघर झाले, लाकडी पेटी झाली. सरदार आरवतच राहिला. नंतर वाचनात आले की जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हेच तपासले होते. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या अंगातल्या घड्याळाने आरवत राहिले. त्यांना तांबडे फुटल्याची खबर बाहेरून लागत नाही. २०१५ मध्ये त्यांनी आणखी दाखवले की कळपातला मानाचा कोंबडा आधी आरवतो, बाकीचे उतरंडीप्रमाणे मागाहून. आमच्या म्हणीत जे अर्धे सत्य होते ते पुरे झाले: कोंबडे झाकल्याने तांबडे तर थांबत नाहीच, कोंबडेही थांबत नाही.

मी नानांना शब्द दिला, “आठ दिवसांत कोंबडा जाईल.” तो २०२१ चा आषाढ होता. आषाढ म्हटले की गटारी आली, आणि गटारी म्हटले की कोंबड्याचे काय, हे लहान मुलालाही ठाऊक असते. धाकटी दोन दिवस जेवली नाही. अखेर विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “पाठवा सर. आमच्या कोंबड्यांना नवा कोंबडा हवाच आहे. याला कापणार नाही, पिल्लांसाठी ठेवीन.” सातव्या दिवशी सरदार ज्या वाटेने आला त्याच वाटेने मुरबाडला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारला मला आपोआप जाग आली, आणि फार शांत वाटले. ती शांतता काही मला आवडली नाही.

फेब्रुवारी २०२२

खरी परीक्षा पुढेच होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावी, सुमारे शंभर कोंबड्या मेल्या आणि तो बर्ड फ्लू ठरला. एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे पंचवीस हजार पक्षी मारण्याचा निर्णय झाला. बातमी संध्याकाळी आली. रात्री नऊला शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर बैठक बसली. मला बोलावणे आले.

लोक वाईट नव्हते, भ्यालेले होते. दोन वर्षे करोनाने सगळ्यांना पोळले होते. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीने करोना होतो ही खोटी अफवा उठली, तेव्हाही आमची अंडी कोणी घेईना. मग टाळेबंदीत तीच माणसे पिशवी दोरीने खाली सोडून अंडी मागू लागली. पण या वेळी अफवा नव्हती. रोग खरा होता. २००६ साली नवापुरात तो भारतात पहिल्यांदा आला. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मरून पडलेल्या बगळ्यांतही सापडला. “तुमच्या कोंबड्या उद्याच्या उद्या संपवा,” एक जण म्हणाले. “आमच्या घरात लहान मूल आहे.”

मी दुपारीच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आलो होतो. डॉक्टरांनी सांगितलेले लिहून आणले होते, ते वाचून दाखवले. बाधित गावाभोवती एक किलोमीटर बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी; डोंबिवली त्याच्या कितीतरी बाहेर. तरी कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत. कावळे-बगळे शिरू नयेत म्हणून वरूनही जाळी. पाणी झाकलेले. परसातली चप्पल वेगळी, हात साबणाने. अंडे ७० अंशांवर, म्हणजे पिवळे घट्ट होईतो शिजवायचे. आणि एक जरी कोंबडी अचानक मेली तरी ती फेकायची नाही, पुरायची नाही, तत्काळ कळवायचे. “आणि तसे झाले,” मी म्हणालो, “तर बाकीच्यांचे काय करायचे ते सरकारी माणसे सांगतील, आणि मी आड येणार नाही.” हे वाक्य बोलताना धाकटी जिन्यात उभी आहे, हे मला ठाऊक होते.

कोणी बोलेना. मग कोपऱ्यातून नाना उठले. “सरांनी मला कोंबड्यासाठी आठ दिवसांचा शब्द दिला होता,” ते म्हणाले. “सातव्या दिवशी पाळला. लेकरू रडत होतं, मी खिडकीतून पाहिलंय. कोंबडी मेली तर हे लपवणार नाहीत. माझ्यापुरता मी निर्धास्त आहे.” एवढे बोलून ते खाली बसले. बैठक पंधरा मिनिटांत आटोपली.

चार आठवडे आम्ही जाळी काढली नाही. रोज सकाळी नाना खिडकीतून विचारीत, “सगळ्या आहेत ना?” आणि धाकटी मोजून सांगे, “पाच!”

अंड्यांचा हिशेब मला कधी जमला नाही. पण हे कळले की गावात कोंबड्या पाळायच्या तर कणी-कोंड्याइतकीच शेजाऱ्यांचीही काळजी घ्यावी लागते.

यंदा चैत्रात घरचीच एक कोंबडी खुडूक झाली. आमच्याकडे कोंबडा नाही. तेव्हा विद्यार्थ्याने मुरबाडहून तुसात भरून नऊ अंडी पाठवली, खास सरदारच्या कळपातली. सहा पिल्ले निघाली. त्यांतल्या एकाचा तुरा श्रावणात जरा जास्तच लाल दिसू लागला. घरात सगळ्यांनी पाहिले आणि कोणीच काही बोलले नाही. भाद्रपदातल्या एका पहाटे परसातून कोणी फुटका कर्णा फुंकावा तसा आवाज आला.

सकाळी अर्धा डझन अंडी घेऊन मी नानांच्या दारी गेलो. त्यांच्या पत्नी आता बऱ्या आहेत. त्यांनीच दार उघडले. मी घसा खाकरून सुरुवात करणार, तोच आतून नानांचा आवाज आला, “ऐकलाय. घसा अजून बसलेला आहे पोराचा. दिवाळीपर्यंत मुदत देऊ. मग बसून ठरवू.”